धागा तुटला की माग थांबला पाहिजे

गेल्या महिन्यातल्या पालक सभेत एक सूचना आली आणि तिच्यावरच्या चर्चेमुळे सभा पाऊण तास लांबली. सूचना अशी की, नववी आणि दहावीच्या मुलांचे सहामाही परीक्षेतील गुणांप्रमाणे दोन गट करावेत. हुशार मुलांचा एक, बाकीच्यांचा दुसरा. शहरातल्या मोठ्या क्लासेसमध्ये असेच करतात, तिथले निकाल आपण पाहतोच, मग शाळेने का करू नये, असा सरळ प्रश्न होता. सूचना करणारे पालक आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी आहेत. शाळेचा पट दरवर्षी थोडा थोडा घटतो आहे, मराठी माध्यमात मुलाला घालताना नातेवाईक चार वेळा विचारतात, आणि अशा वेळी शाळेकडे दाखवण्यासारखा निकाल हवा, ही त्यांची कळकळ खोटी नाही. शाळा समिती दिवाळीच्या सुट्टीनंतर निर्णय घेणार आहे. त्याआधी या वार्तापत्राच्या संपादक मंडळाला आपले मत मांडावेसे वाटते. आमचे मत या सूचनेच्या विरुद्ध आहे, आणि गट पाडण्याऐवजी काय करता येईल याचाही एक आराखडा आमच्याजवळ आहे.

आधी निकालाबद्दल. आपल्या गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर टक्क्यांच्या बरोबरीने 'पी.आर.' म्हणजे पर्सेंटाइल रँक छापून येतो. बडोद्यात निकालाच्या दिवशी फोन आला की पहिला प्रश्न "टक्के किती?" आणि लगेच दुसरा "पी.आर. किती?" हा आकडा निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. पुढच्या प्रवेशाला जागा मोजक्या असतात आणि तिथे रांग लागतेच. पण पी.आर. एवढेच सांगतो की आपल्या मागे किती जण आहेत. सोमवारी सकाळी मुलाने कुठले पान उघडायचे, हे त्यातून कळत नाही. ऐंशी पी.आर.च्या दोन मुली शेजारी बसलेल्या असतात. एकीचा भूमितीत गोंधळ असतो, दुसरीला प्रश्न नीट वाचायची सवय नसते. दोघींना एका गटात बसवून दोघींचेही काम होत नाही.

नववीतल्या एका मुलाची वही आमच्यापैकी एका शिक्षिकेने सोबत आणली होती. उदाहरण होते : २क्ष − (क्ष − ३) = ७. त्याने पुढची ओळ लिहिली, २क्ष − क्ष − ३ = ७, आणि उत्तर काढले १०. बरोबर उत्तर ४. लाल शाईने फुली, शून्य गुण, पुढचे उदाहरण. अशी सात उदाहरणे त्या वहीत होती आणि सातही ठिकाणी चूक एकच होती. बाईंनी त्याला जवळ बसवून विचारले, "हे असे का लिहिलेस?" तो म्हणाला, वजा चिन्ह कंसातल्या पहिल्या संख्येलाच लागते ना? असे का वाटते? कारण "ऋण ऋण धन" एवढेच पाठ आहे, आणि दोन ऋणचिन्हे शेजारीशेजारी दिसली तरच ते आठवते. कंस कसे सोडवायचे हे शिकवले तेव्हा काय झाले? तेव्हा तो वर्गात नव्हता. सातवीत असताना कावीळ झाली म्हणून तीन आठवडे घरी होता. परत आला तेव्हा वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला होता. त्यानंतर दोन वर्षे हा मुलगा "गणितात कच्चा" आहे. खरे तर तो एका कंसात कच्चा आहे. दोन गट झाले तर तो खालच्या गटात बसेल, आणि तिथेही त्याला नववीचाच धडा शिकवला जाईल, फक्त हळू आवाजात.

असे एकामागून एक "का?" विचारत मुळाशी जाण्याची पद्धत जगात गाजली ती जपानमधून, आणि तिच्या मागची गोष्ट शाळेत सांगण्यासारखी आहे. साकिची तोयोदा यांचा जन्म १८६७ चा. वडील सुतार, आई घरी हातमागावर विणणारी. हातमागात सुधारणा करण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि आयुष्यभर मागच सुधारत राहिले. त्यांच्या मागाचा नावाजलेला गुण म्हणजे धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. ऐकायला ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण त्याआधीच्या यंत्रमागांवर धागा तुटला तरी माग चालूच राहायचा, आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत वारभर कापड वाया जायचे. म्हणून प्रत्येक मागापाशी डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागे. माग स्वतःच थांबू लागल्यावर एकच कामगार अनेक मागांवर लक्ष ठेवू शकला. १९२४ साली त्यांचा पूर्ण स्वयंचलित माग तयार झाला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले, आणि पुढे त्यांच्या मुलाने मोटारी बनवायला घेतल्या. तीच आजची टोयोटा.

मोटारीच्या कारखान्यातही मागाचीच रीत नेली गेली. कामगाराच्या डोक्यावरून एक दोरी जाते. काही बिघडले, स्क्रू बसेना, भाग नीट जुळेना, की त्याने दोरी ओढायची. दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो. ठरलेल्या जागेपर्यंत गाडी पोचेपर्यंत अडचण सुटली नाही, तर साखळी थांबते. दोरी ओढणाऱ्यावर कोणी ओरडत नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. कारण ओरडले तर उद्या कोणी दोरी ओढणार नाही आणि बिघाड गाडीबरोबर पुढे जाईल. "कायझेन" हा शब्द १९८६ साली मसाकी इमाई यांच्या पुस्तकामुळे जगभर गेला. त्याचा अर्थ चांगल्याकडे नेणारा बदल. आपल्याकडे त्याचे भाषांतर "सातत्याने सुधारणा" असे होते, आणि त्यात थांबण्याचा भाग हरवून जातो. रोज थोडे थोडे पुढे जा, एवढेच लोक ऐकतात. प्रत्यक्षात अगोदर थांबावे लागते.

आता वर्गाकडे पाहू. आपल्या वर्गात दोरी कुठे आहे? "समजले ना सगळ्यांना?" असे विचारल्यावर अडतीस मुले एका सुरात "हो" म्हणतात. ज्याला समजले नाही तो सर्वांत मोठ्याने म्हणतो. हात वर केला तर मागचा बाक हसतो, एखादे वेळी शिक्षकही वैतागतात, कारण मार्चपर्यंत अभ्यासक्रम संपवायचा असतो. थोडक्यात, आमचा माग धागा तुटला तरी चालतो. आणि दोन गट केले की दोरी ओढणे आणखी अवघड होईल. वरच्या गटातला मुलगा "समजले नाही" म्हणणार नाही, कारण खाली जाण्याची भीती. खालच्या गटातला म्हणणार नाही, कारण त्याच्याकडून आता कोणाची अपेक्षाच नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांशी संबंधित एका खटल्यात देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत एक सूचना अशी आहे की शिक्षणसंस्थांनी, विशेषतः कोचिंग संस्थांनी, गुणवत्तेप्रमाणे मुलांच्या तुकड्या पाडणे, चारचौघांत अपमान करणे आणि झेपणार नाहीत अशी उद्दिष्टे लादणे शक्यतो टाळावे. म्हणजे ज्या क्लासेसचे उदाहरण सभेत दिले गेले, त्यांनाच हे करू नका असे सांगितले जात असताना आपण ते नव्याने सुरू करणार का?

कोचिंग हा शब्द आपल्या शहरात आता फक्त क्लासच्या पाटीवर दिसतो. त्याचा इतिहास मात्र गमतीचा आहे. हंगेरीत कोच नावाचे एक गाव आहे. तिथल्या घोडागाड्या प्रसिद्ध होत्या, त्यावरून युरोपभर गाडीला ते नाव पडले. आपल्या रेल्वेचा डबाही त्याच शब्दाने ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले विद्यार्थी परीक्षेच्या पार नेऊन सोडणाऱ्या खाजगी शिक्षकाला चेष्टेने कोच म्हणू लागले. मैदानावर हा शब्द नंतर गेला. तेव्हा क्लासवाल्यांनी शब्द पळवला असे म्हणता येणार नाही, हक्क त्यांचाच जुना! पण गाडीची उपमा घेतली तर एक गोष्ट विसरता येत नाही. कुठे जायचे हे गाडीत बसणारा ठरवतो, आणि गाडीला तो जिथे उभा असेल तिथे यावे लागते.

आपल्या बडोद्याला हे नवे नाही. १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा इथे सुरू झाली. गाणे शिकलेल्या कोणालाही विचारा, गुरू काय करतात? शिष्य पलटा घेतो, गंधार जरा उतरतो, गुरू हात वर करतात. थांबायचे. तोच गंधार पुन्हा. तो लागेपर्यंत पुढची ओळ नाही. "यंदा सहा राग संपवायचे आहेत" असे कोणी म्हणत नाही. दांडिया बाजारातल्या प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा घाम गाळून आले. तिथेही तेच. मल्लखांबावर नवा मुलगा चढला की वस्ताद खाली उभे, नजर त्याच्या पकडीवर. पकड चुकली की खाली उतर, पुन्हा चढ. कालच्यापेक्षा आज दोन जोर जास्त, एवढाच हिशेब. आबासाहेब मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात याच शहरातून काढले, तेही असेच खंडामागून खंड. आणि क्रिकेट! भारताचे माजी कर्णधार दत्ताजीराव गायकवाड खेळातून निवृत्त झाल्यावर इथल्या मुलांना शिकवत राहिले. त्यांच्या हाताखाली तयार झालेला इरफान पठाण २००३ साली ऑस्ट्रेलियात पहिला कसोटी सामना खेळला. दत्ताजीराव फेब्रुवारी २०२४ मध्ये पंच्याण्णवाव्या वर्षी गेले. नेट्समध्ये मुलाचा पाय चेंडूपर्यंत जात नसेल तर कोणताही प्रशिक्षक त्याला "तू बाविसावा आहेस" असे सांगत नाही. पाय कुठे पडला ते सांगतो.

मग हेच गणिताच्या तासाला का जमत नाही, असा प्रश्न पडतो. एक उत्तर लगेच मिळते : गायनाला शिष्य पाच, वर्गात अडतीस. बरोबर आहे.

याच शहरातले सर्वांत गाजलेले शिकणे आठवा. १८७५ च्या मे महिन्यात नाशिककडच्या कवळाणे गावातून आणलेला बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळराव बडोद्याच्या गादीवर दत्तक बसला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते म्हटले तरी चालेल. त्याचे शिक्षण इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाकडे सोपवले गेले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी असा पाया घालत साडेसहा वर्षे गेली. १८८१ मध्ये दिवाण सर टी. माधवरावांनी त्याला राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती पुढे 'मायनर हिंट्स' या नावाने पुस्तकरूपात छापली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात सयाजीरावांनी कारभार हाती घेतला. बाराव्या वर्षी ज्याची अक्षरओळख जेमतेम होती त्याला त्याच्या वयाच्या मुलांत बसवून क्रमांक काढला असता तर तो शेवटचा आला असता. तसे न करता तो जिथे होता तिथून सुरुवात केली गेली, आणि कुठे पोचायचे आहे हे समोर ठेवून रोजचा धडा आखला गेला. याच माणसाने १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

पण महाराजांना स्वतंत्र मास्तर मिळतो, आमच्या मुलांना कुठून आणणार? याचेही उत्तर बडोद्यातच मिळाले आहे, आणि ते इथल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. २००१ ते २००३ या काळात 'प्रथम' या संस्थेने मुंबई आणि बडोदा येथील महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नावाचा कार्यक्रम चालवला. तिसरी-चौथीतली जी मुले मागे पडली होती, त्यांच्यासाठी त्याच परिसरातली एक तरुणी नेमायची. तिचे स्वतःचे शिक्षण शालेय. सुरुवातीला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण, महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. पंधरा-वीस मुलांना ती रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि पहिली-दुसरीत जे यायला हवे होते ते शिकवायची. अक्षरे, हातचा, वजाबाकी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला; बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मायकेल क्रेमर यांच्याबरोबर मिळाले, आणि भारतातल्या शाळांवरचे हे काम त्यांच्या कामाचा महत्त्वाचा भाग होते. निष्कर्ष असा की पहिल्या वर्षी बालसखी असलेल्या वर्गांचे सरासरी गुण प्रमाण विचलनाच्या ०.१४ इतके वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८. शिक्षणातल्या प्रयोगांत ही वाढ चांगली मानतात, आणि एवढ्या कमी खर्चात तर फारच चांगली. सर्वांत जास्त फायदा झाला तो तळाच्या मुलांना.

आमच्या वादासाठी त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मागे पडलेली मुले दोन तास बाहेर गेल्यावर वर्गात जी मुले उरली, त्यांच्या गुणांत म्हणावी अशी वाढ दिसली नाही. "कच्ची मुले हुशारांना मागे खेचतात, त्यांना वेगळे काढले की हुशार मुले पळू लागतील" हे सभेत दोनदा बोलले गेले. बडोद्याच्याच शाळांत ते तसे घडले नाही.

यावर कोणी म्हणेल, बालसखीनेही मुले वेगळी काढलीच की! काढली, पण दिवसातले दोन तास, आणि त्यांना न आलेली नेमकी गोष्ट शिकवण्यासाठी. उरलेला वेळ ती आपल्याच वर्गात, आपल्याच बाकावर होती. गुणांवरून पाडलेली तुकडी वर्षभर टिकते, मुलाच्या नावाला चिकटते, आणि तिच्यात शिकवायचे तेच असते. दोन्हींना आपण "गट" म्हणतो म्हणून ती एक ठरत नाहीत. अभ्यासातली एक कडू बाजूही सांगायला हवी : कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने मोजले तेव्हा मिळालेला फायदा बराच ओसरला होता. आधार काढून घेतला की धागा पुन्हा सुटतो. म्हणून मे महिन्याच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांवर आमचा फारसा विश्वास नाही. सहा दिवस, टोपी, प्रमाणपत्र, आणि जूनमध्ये पुन्हा तेच.

आता आमचा आराखडा. दर शनिवारी शेवटचा एक तास नववी आणि दहावीसाठी मोकळा ठेवावा. प्रत्येक मुलाजवळ एक दुरुस्तीची वही असावी. आठवड्यात जे उदाहरण, जे व्याकरण, जो प्रयोग अडला तो तिच्यात मुलाने स्वतःच्या हाताने लिहायचा. ही वही तपासली जाणार नाही आणि तिला गुण नाहीत. शनिवारी पाच-सहा मुलांमागे एक मोठे माणूस बसेल आणि प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारील : गेल्या शनिवारी काय करायचे ठरले होते, कुठे अडले, आणि पुढच्या शनिवारपर्यंत काय करून पाहणार. उत्तर मुलाने द्यायचे. मोठ्या माणसाने व्याख्यान द्यायचे नाही. अडलेला विषय शिकवण्याची गरज असेल तर त्या विषयाच्या शिक्षकांना चिठ्ठी जाईल आणि पुढच्या आठवड्यात तीच अडचण असलेली चार-पाच मुले वीस मिनिटे एकत्र बसतील. ती अडचण सुटली की तो गट मोडेल.

या मोठ्या माणसाला विषय यायलाच हवा असे नाही, हे आम्हांला मुद्दाम सांगायचे आहे, कारण "आम्हांला आता बीजगणित कुठले आठवते" म्हणून माजी विद्यार्थी मागे सरतात. टिमथी गॅल्वे नावाच्या अमेरिकन टेनिस प्रशिक्षकाचे १९७४ मधले पुस्तक या विषयात पुष्कळ वाचले गेले. नवशिक्याला हात असा धर, खांदा तसा वळव असे दहा हुकूम देणे त्यांनी सोडून दिले. चेंडू जमिनीवर आपटला की "टप्पा" आणि रॅकेटला लागला की "फटका" एवढेच मोठ्याने म्हण, असे ते सांगत. लक्ष चेंडूवर राहिले की मुलाचा हात बराचसा आपोआप जुळून येई. शनिवारच्या माणसाचे कामही एवढेच आहे, मुलाचे लक्ष त्याच्या स्वतःच्या चेंडूवर ठेवणे. कोयलीच्या रिफायनरीत तीस वर्षे पाळी केलेला, बँकेत हिशेब जुळवलेला, घर आणि शिवणाचे दुकान दोन्ही सांभाळलेली, अशा कोणालाही हे जमेल. उलट त्यांना ते शिक्षकांपेक्षा बरे जमेल, कारण मूल त्यांच्यासमोर "आले नाही" म्हणायला कमी घाबरते.

यात मोठ्यांचाही लाभ आहे. आमच्याकडे पंचविशीतले माजी विद्यार्थी येतात. नोकरी आहे, पण इंग्रजीत अहवाल लिहिता येत नाही म्हणून बढती अडली आहे. कोणाला स्वतःचे वर्कशॉप काढायचे आहे आणि तीन वर्षे नुसते बोलणेच चालले आहे. मोठ्या कंपन्यांत साहेबांसाठी महागडे कोच नेमतात आणि तिथेही बहुतेक हेच होते : कुठे जायचे, आज कुठे आहोत, पुढचे पाऊल कोणते आणि कधी. दर शनिवारी पाच मुलांना हे विचारणारा माणूस हळूहळू स्वतःलाही विचारू लागतो. तेव्हा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मुले गेल्यावर अर्धा तास मोठ्यांनी एकमेकांसाठी बसावे असेही सुचवतो.

हे बिघडेल कसे, तेही आम्हांला दिसते. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या पालकांना कायझेन शब्द नवा नाही. त्यांच्यापैकी काहींनी हसत हसत सांगितले, महिन्याला दोन कायझेन भरून द्यावे लागतात, मग एकतीस तारखेला कचऱ्याची टोपली डावीकडून उजवीकडे ठेवून आम्ही एक भरतो! आपल्या दुरुस्तीच्या वहीचे तसेच होऊ शकते. एखाद्या उत्साही अधिकाऱ्याने "प्रत्येकी किमान पाच चुका लिहिल्याच पाहिजेत" असा नियम केला की मुले चुका बनवून लिहितील. म्हणून वहीची मोजदाद नको, तिचे प्रदर्शन नको, आणि स्नेहसंमेलनात "सर्वोत्तम दुरुस्ती वही"चे बक्षीस तर मुळीच नको. एडवर्ड्स डेमिंग यांचे नाव गुणवत्तेच्या क्षेत्रात आदराने घेतात. १९५० साली जपानी उद्योगांना संख्याशास्त्राचे धडे देणारे ते हेच. माणसांची वार्षिक क्रमवारी लावण्याला त्यांचा कायम विरोध होता, आणि उतारवयात तर शाळेत मुलांना श्रेणी देणेच बंद करा असे ते म्हणत. एवढ्या टोकाला जाण्याची आमची तयारी नाही. बोर्डाची परीक्षा आहे, गुणपत्रिका आहे, पी.आर. आहे. फक्त शनिवारचा एक तास त्यातून मोकळा असावा.

उद्दिष्टाबद्दल पालकांना एक विनंती. वहीच्या पहिल्या पानावर मुलाने या वर्षी स्वतःला काय साधायचे आहे ते लिहायचे आहे. ते त्यालाच लिहू द्या. "डॉक्टर होणे" हे आठवीपासून घराघरांत पाठ असते, आणि त्यावर शनिवारी काय विचारणार? "इंग्रजीचा उतारा न अडखळता वाचणे", "प्रमेय न बघता लिहिणे", "रोज सहाला उठणे" यावर विचारता येते. मागे एका मुलीने "वर्गात एकदा तरी प्रश्न विचारणे" असे लिहून दाखवले होते. आमच्या मते यापेक्षा चांगले उद्दिष्ट सापडणार नाही.

शिक्षकांच्या वेळेचा प्रश्न खरा आहे. निवडणुकीची कामे, माहितीचे रकाने, ऑनलाइन हजेरी, आणि त्यात आणखी एक तास. म्हणूनच बाहेरच्या माणसांवर आम्ही भर दिला आहे. नववी आणि दहावी मिळून शहात्तर मुले आहेत. सहा मुलांमागे एक धरला तर तेरा माणसे लागतात. कोणी आजारी, कोणी गावाला, हे धरून वीस नावे हवीत. वीस माणसे, आठवड्याला एक तास, दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. दहावीच्या मुलांची बोर्डाची तयारी ऐन भरात असताना त्यांना शनिवारचा तास द्यावा की नाही, यावर आमच्या मंडळातही दोन मते आहेत. मुख्याध्यापकांचे म्हणणे, या वर्षी फक्त नववीपासून सुरुवात करावी. तसे झाले तर दहा नावे पुरतील.

शाळेच्या कार्यालयात कारकुनांच्या टेबलावर कोरी यादी ठेवली आहे. नाव, फोन आणि कोणता शनिवार जमणार नाही, एवढेच लिहायचे आहे. गट पाडण्याच्या बाजूने ज्यांचे मत आहे त्यांनीही लिहावे. त्यांच्यापैकी दोघांनी सभा संपल्यावर आवारातच आपली नावे तोंडी दिली आहेत.